रोममध्ये खाताना-पिताना या चुका टाळा

रोमला जाऊन आलेल्या निम्म्या मराठी कुटुंबांची तक्रार एकच असते: "सकाळी चहा-नाश्त्याला काही मिळेच ना, जिकडेतिकडे नुसते बार!" आमचंही पहिल्या सकाळी हेच झालं. आई आणि मावशी बरोबर होत्या. टेर्मिनी स्टेशनाजवळच्या हॉटेलातून बाहेर पडलो आणि चार बार ओलांडून पुढे गेलो. पाचव्याच्या काचेतून शाळेची दप्तरं पाठीवर घेतलेली दोन पोरं दिसली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

इटलीतला बार म्हणजे आपला इराणी. सकाळी कॉफी आणि कोर्नेत्तो (क्रोसाँचा गोडसर भाऊ), दुपारी सँडविच, संध्याकाळी केशरी रंगाचा स्प्रित्झ (हलकं मद्य घातलेलं पेय). आजीपासून नातवापर्यंत सगळे तिथेच उभे असतात. उभे हा शब्द महत्त्वाचा, कारण पुढची चूक तिथेच होते.

काउंटरवर उभं राहून प्यायलेली कॉफी आणि टेबलावर बसून प्यायलेली कॉफी यांचे भाव वेगळे असतात. उभ्याने एस्प्रेसो साधारण सव्वा-दीड युरोला पडते. तीच कॉफी चौकातल्या छत्रीखाली बसून घेतली तर तीन-चार पट मोजावे लागतात. गर्दीच्या बारमध्ये बहुधा आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून ऑर्डर सांगायची. आपण मात्र काउंटरवरून कप उचलतो आणि सवयीने बाहेरच्या खुर्चीवर जाऊन टेकतो. मग वेटर येऊन काहीतरी बोलतो, आपल्याला वाटतं खडूस आहे. खडूस नसतो, खुर्चीचे पैसे तुम्ही दिलेले नसतात एवढंच. पाय दुखत असतील तर खुशाल बसा, पण मग ऑर्डर टेबलावरूनच द्या.

नुसतं "लात्ते" मागितलंत तर ग्लासभर दूध येईल, कारण लात्ते म्हणजे दूधच. आणि जेवणानंतर कापुचिनो मागितली की इटालियन लोक हसतात, या गोष्टीचा फार बाऊ करू नका. देतात. हसले तर हसू द्या.

भूक लागल्यावर हॉटेल शोधायला निघणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोलोसियम आणि फोरम बघून बाहेर पडेपर्यंत साडेतीन वाजलेले असतात, पोटात कावळे कोकलत असतात आणि ज्या खानावळींत स्वयंपाक खरोखर चांगला असतो त्यांची चूल बंद झालेली असते. दुपारचं जेवण साधारण साडेबारा ते अडीच-तीन आणि रात्रीचं साडेसातच्या पुढे. मधल्या वेळात उघडी असतात ती बहुतेक पर्यटकांच्या भुकेवर चालणारी दुकानं. ती ओळखायला सोपी आहेत. दारात उभा राहून "प्लीज, प्लीज, इंडिया? नमस्ते!" करणारा माणूस (त्याला तिथे बुत्तादेंत्रो म्हणतात, म्हणजे शब्दशः आत ढकलणारा), उन्हाने फिकट झालेले स्पॅगेटीचे फोटो आणि सहा भाषांतला मेनू. पँथिऑन, त्रेवी कारंजं आणि नव्होना चौक यांच्या अवतीभवती हे पीक भरघोस.

अशा अवेळी पिझ्झा आल ताल्यो शोधा. काचेमागे लांबलचक आयताकृती पिझ्झे मांडलेले असतात. तुम्ही हाताने "एवढा" असं दाखवायचं, तो कात्रीने तेवढा तुकडा कापून वजन करतो आणि पुन्हा गरम करून कागदावर देतो. भाव वजनावर असतो, त्यामुळे "वन पीस" म्हणू नका, त्याच्या मनातला पीस तुमच्या मनातल्यापेक्षा मोठा निघतो. बटाट्याचा पिझ्झा, 'कोन पाताते', दिसला तर सोडू नका. सॉस नाही, वर बटाट्याच्या पातळ कापा आणि रोझमेरी. व्हॅटिकनच्या बाजूला असाल तर चिप्रो मेट्रो स्टेशनाजवळ पिझ्झावाले गाब्रिएले बोंची यांचं 'पिझ्झारियम' हे दुकान आहे. बसायला जागा अशी नाही, भाव इतरांपेक्षा चढा, तरीही रांगेत उभं राहावं असं.

बसूनच जेवायचं असेल तर कोलोसियमजवळ जेवू नका. तिथून मेट्रोच्या बी लाइनने दोन स्टेशनं गेलं की पिरामिदे येतं आणि तिथून तेस्ताच्चो ही जुनी वस्ती चालत. शहराचा जुना कत्तलखाना इथे होता, १९७५ पर्यंत. उरलंसुरलं मांस, आतडी, शेपूट कामगारांच्या वाट्याला यायचं आणि त्यातूनच इथला 'पाचव्या चतकोराचा' (जनावराचे चार चांगले चतकोर विकून उरलेल्याचा) स्वयंपाक जन्माला आला. मांसाहारींसाठी हा भाग म्हणजे माहेर. शाकाहारींनी तेस्ताच्चोच्या बाजारात दुपारी चक्कर मारावी, रविवार टाळून. त्रास्तेवेरे या भागाचं नाव सगळेच घेतात, पण तिथल्या मुख्य चौकाभोवती आता बुत्तादेंत्रोंचाच सुकाळ आहे. मागच्या गल्ल्यांत शिरणार असाल तरच जा, आणि टेबल आधी सांगून ठेवा. ऑगस्टच्या मध्यात, १५ तारखेच्या फेर्रागोस्तो सणाच्या आसपास, कितीतरी घरगुती खानावळी कुलूप लावून सुट्टीवर जातात.

"व्हेज" एवढंच सांगून निर्धास्त होणं

मेनूत फ्योरी दी झुक्का दिसलं. भाषांतर वाचून मावशीचा चेहरा खुलला, "अगं, ही तर भोपळ्याच्या फुलांची भजी!" दिसायलाही तशीच, पातळ पिठात बुडवून तळलेली, आत वितळलेलं मोझ्झारेल्ला. पहिला घास झकास गेला. दुसऱ्या घासाला तिने थांबून फूल उकललं. चीजच्या आत तपकिरी, केसाळ, खारट असं काहीतरी पडलं होतं. आलिची, म्हणजे अँकोव्ही, आपल्या मांदेलीसारखा छोटा मासा, मिठात मुरवलेला. मावशीने बशी माझ्याकडे सरकवली आणि पुढची दहा मिनिटं नुसता पाव खाल्ला. वेटरचा दोष नव्हता. रोममध्ये हा पदार्थ असाच करतात. आम्ही विचारलं नव्हतं.

तिथे मासा किंवा डुकराची चरबी पुष्कळदा मसाल्यासारखी वापरतात, त्यामुळे पदार्थाच्या नावावरून पत्ता लागत नाही. रोमच्या चार प्रसिद्ध पास्तांपैकी कार्बोनारा, आमात्रिचाना आणि ग्रीचा या तिन्हींत ग्वांचाले असतं, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. चौथा काचो ए पेपे, फक्त पेकोरिनो चीज आणि काळी मिरी. पुन्तारेल्लेच्या हिरव्यागार सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये पुन्हा आलिची. सुप्पली म्हणजे भाताचं तळलेलं बोंड, पण पारंपरिक सुप्पलीच्या सारात मांस असतं. मिनेस्त्रोने सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी मांसाच्या ब्रोदोचं, म्हणजे रश्शाचं, असू शकतं. म्हणून "सोनो वेजेतारियाना" (पुरुषांनी वेजेतारियानो) एवढ्यावर थांबू नका. पुढे जोडा: "न्येंते कार्ने, न्येंते पेशे, न्येंते ब्रोदो दी कार्ने." मांस नको, मासा नको, मांसाचा रस्सा नको.

युरोपात हॉटेलांना चौदा ॲलर्जी-घटकांची माहिती द्यावीच लागते आणि बरेच जण ती यादी बघून निश्चिंत होतात. त्या यादीत अंडं, दूध आणि मासा आहे, पण डुक्कर नाही, गाय-बैलही नाही. म्हणजे अंडं न खाणाऱ्यांना ती उपयोगी, मांस टाळणाऱ्यांना अपुरी. अंड्याचाच विषय निघाला म्हणून: ताज्या पास्त्यात, फेत्तुचिनेत, बहुधा अंडं असतं. सुक्या स्पॅगेटी-रिगातोनीत सहसा नुसता रवा आणि पाणी. काचो ए पेपे अनेक ठिकाणी तोन्नारेल्लीत (जाडसर लांब पास्ता) करतात आणि तीही बरेचदा अंड्याची असते. पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या विरजणाने जमवतात, पार्मेझान वासराच्या. हे कुणाला चालतं, कुणाला नाही, ज्याचं त्याने ठरवावं, पण टेबलावर बसल्यावर नव्हे, घरून निघतानाच.

मग खायचं काय? भरपूर आहे. आर्राब्याता पास्ता, टोमॅटो-लसूण-लाल मिरचीचा. मारिनारा पिझ्झा, त्याला चीजच नसतं. चिकोरिया रिपास्साता म्हणजे कडवट पालेभाजी लसूण आणि सुक्या मिरचीवर परतलेली. ही ताटात आली तेव्हा आई म्हणाली, "भाकरी तेवढी हवी होती." पेपेरोनीचा पिझ्झा दिसला तर घाबरू नका, तिथे पेपेरोनी म्हणजे ढोबळी मिरची. तिखट सलामीचा असतो त्याला दियाव्होला म्हणतात. आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत गेला असाल तर जुन्या ज्यू वस्तीत, घेत्तोत, कार्चोफी आल्ला जुदिया खाच. अख्खं आर्टिचोक तेलात असं तळतात की बाहेरच्या पाकळ्या कुर्डईसारख्या कुरकुरीत होतात आणि गाभा लोण्यासारखा राहतो. फक्त तिथली कोशर (ज्यू धर्माचे नियम पाळणारी) हॉटेलं शुक्रवारी संध्याकाळी बंद होतात, ती शनिवारी अंधार पडेपर्यंत.

बिल

मासा मागवताना किमतीशेजारी 'एत्तो' लिहिलंय का ते बघा. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. ८ युरो वाचून मागवलेला मासा ७०० ग्रॅमचा निघाला की ५६ युरो झाले. शिजवण्याआधी वजन करून दाखवायला सांगा. पदार्थाच्या नावापुढे चांदणी असेल तर माल गोठवलेला. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे तिथे 'कोपेर्तो', म्हणजे टेबलावर बसण्याचं शुल्क, लावायला २००६ च्या प्रांतिक कायद्याने मनाई आहे. पण 'पाने', म्हणजे पावाचे पैसे, लावता येतात आणि लावतात. नको असेल तर टोपली हात न लावता लगेच परत करा. टीप सक्तीची नाही. सेवा आवडली तर वरची चिल्लर ठेवून उठायचं, पुरे.

पाणी विकत घेणं

याचं तर हसूच येतं. शहरभर साधारण अडीच हजार नासोनी आहेत, लोखंडी खांबाचे पिण्याच्या पाण्याचे नळ, १८७४ पासूनचे. नासोने म्हणजे मोठं नाक. थंडगार पाणी अखंड वाहत असतं. नळाच्या वाकलेल्या भागावर एक बारीक भोक असतं. तोटी बोटाने दाबली की त्या भोकातून कारंज्यासारखी धार उडते, तोंड लावायला सोयीची. आईने पहिल्यांदा दाबली तेव्हा धार थेट चष्म्यावर. बाटली भरून घ्या, पण स्पॅनिश पायऱ्यांवर बसून पिऊ नका: २०१९ पासून तिथे नुसतं टेकलं तरी दंड होतो, ४०० युरोपर्यंत.

तीन दिवसांत मैद्याचा कंटाळा येतोच. लगेच 'इंडियन रेस्टॉरंट' शोधत बसण्यापेक्षा सकाळी टेर्मिनीपासून चालत व्हित्तोरियो चौकाजवळच्या एस्क्विलिनोच्या बाजारात जा. भेंडी, कोथिंबीर, डाळी, मसाले, सगळं आहे, खोलीत चूल असेल तर खिचडी पक्की. आमच्या खोलीत नव्हती. मावशीने मूठभर हिरव्या मिरच्या घेतल्या, पर्समध्ये टाकल्या आणि रात्री मार्गेरिता पिझ्झा आल्यावर एकेक बाहेर काढून तोंडी लावल्या. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी एक मागून घेतली.