व्हिडिओचा वेग बदलला हे कसं ओळखायचं

वेबपानावर ऑडिओ असो वा व्हिडिओ, वेग बदलला की ब्राउझर त्या एलिमेंटवर (पानातल्या त्या घटकावर) 'रेटचेंज' (ratechange) इव्हेंट, म्हणजे बदलाची सूचना, पाठवतो. त्यावर लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) लावा आणि आत 'प्लेबॅकरेट' (playbackRate) वाचा: 1 म्हणजे नेहमीचा वेग, 1.5 म्हणजे दीडपट. टायमर लावून दर सेकंदाला तपासत बसू नका.

गफलत इथे होते: 'डिफॉल्टप्लेबॅकरेट' (defaultPlaybackRate, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला वेग) बदलला तरी हाच इव्हेंट येतो. म्हणून आधीचा आकडा जपून ठेवा आणि खरंच फरक असेल तरच पुढचं काम करा. नवी फाईल लोड झाली की वेग त्या डिफॉल्टवर परत जातो. प्रेक्षकाने निवडलेला 1.5 गुपचूप 1 होतो, आणि दोष मात्र लिसनरला दिला जातो. पॉज केल्याने प्लेबॅकरेट शून्य होत नाही, त्यासाठी 'पॉज' इव्हेंट वेगळा ऐका.

पानावर बरेच प्लेअर असतील तर डॉक्युमेंटवर एकच लिसनर पुरतो, पण लिसनर लावताना कॅप्चर (इव्हेंट वरून खाली एलिमेंटकडे जाताना पकडणं) 'ट्रू' हवाच, कारण हा इव्हेंट बबल होत नाही, म्हणजे एलिमेंटवरून वर डॉक्युमेंटपर्यंत पोचत नाही. दुसऱ्या डोमेनच्या आयफ्रेममधला (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानातला) प्लेअर असा हाती लागत नाही. तिथे त्या प्लेअरचा एपीआय (कोडमधून प्लेअरशी बोलायची सोय) वापरा. यूट्यूबसाठी 'ऑनप्लेबॅकरेटचेंज' (onPlaybackRateChange) इव्हेंट आहे.