लॅपटॉपला वायफाय पकडत नाही? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं करून बघा

आमच्याकडे भुसावळला मे महिन्यात रोज दुपारी नेट जायचं आणि मावशी विचारायची, "काय रे भो, नेट गयं का?" मी आठवडाभर लॅपटॉपच्या मागे लागलो होतो, आणि राउटर होता पत्र्याखाली लोखंडी कपाटावर, हात लावला तर चटका बसेल इतका तापलेला. मधल्या खोलीत मोकळ्या हवेत भिंतीवर लावला, त्यानंतर दुपारचं नेट जाणं थांबलं. तेव्हापासून मी आधी दोष कुठे आहे तेच बघतो.

त्यासाठी मोबाईल घ्या, त्यातला डेटा बंद करा (हे लोक हमखास विसरतात) आणि त्याच वायफायवर काहीतरी उघडून बघा. मोबाईलवर पण चालत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर एलओएसचा (म्हणजे सिग्नल येत नसल्याचा) लाईट लाल असेल तर लाईनमध्येच गडबड आहे, सरळ नेटवाल्याला फोन लावा. लाल नसेल तर राउटर अर्धा मिनिट बंद करून चालू करा.

मोबाईलवर चालतंय आणि लॅपटॉपवरच नाही, तर एअरप्लेन मोड चुकून दाबला गेलाय का बघा, मग ते वायफाय फरगेट करून पासवर्ड टाकून परत जोडा. जुन्या घरांच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल लवकर मरतो, आतल्या खोलीत बसत असाल आणि यादीत तुमच्या वायफायची दोन नावं दिसत असतील तर २.४ वालं निवडा, स्पीड कमी मिळेल पण सहसा तुटणार नाही.

चार्जर लावला की चालतं आणि चार्जर काढला की तुटतं, असं होत असेल तर विंडोजमधला डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफायच्या नावावर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करू देण्याची टिक असते ती काढून टाका. काही लॅपटॉपमध्ये हा टॅबच नसतो, मग त्याच ठिकाणी ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अनइन्स्टॉल करून लॅपटॉप रिस्टार्ट करा, विंडोज बहुतेक वेळा तो परत टाकतं.

तरी जमलं नाही तर सेटिंग्जमधून नेटवर्क रिसेट मारा, पण पासवर्ड आधी वहीत लिहून ठेवा, सेव्ह केलेले सगळे उडतात. आणि डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत वायफाय अडॅप्टर दिसतच नसेल तर लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड गेलेलं असू शकतं, अशा वेळी फॉरमॅट मारून काही होत नाही, यूएसबीचं वायफाय डोंगल लावून बघा.