प्रथिनाच्या रचनेवरून पटलनिर्मितीचा अर्थ लावताना या चुका टाळा

पेशीतील टाकाऊ घटकांना वेढणारे ऑटोफॅगोसोमचे दुहेरी पटल घडवण्यासाठी लाखो मेदरेणू लागतात आणि ते येतात कोठून, या प्रश्नाला एटीजी२ व एटीजी९ या प्रथिनांच्या रचनांमुळे प्रथमच ठोस दिशा मिळाली. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल मिळवून देणाऱ्या याच विषयात, म्हणजे पेशीने स्वतःचे घटक पचवण्याच्या ऑटोफॅजी या प्रक्रियेत, रचनेचे सुबक चित्र पाहून घाईने निष्कर्ष काढणारे विद्यार्थी मात्र पुष्कळ आढळतात.

एटीजी२ हे सुमारे २० नॅनोमीटर लांबीचे, काठीसारखे प्रथिन असून त्याच्या लांबीभर जलविरोधी पन्हळ आहे. ते एका टोकाने अंतर्द्रव्यजालिकेला आणि दुसऱ्या टोकाने वाढत्या पटलाला टेकते, म्हणून मेदरेणू या पन्हळीतून सरकत जात असावेत हे अनुमान योग्य आहे. परंतु केवळ आकार हा वहनाचा पुरावा नव्हे. पन्हळीतील जलविरोधी अमिनो आम्ले बदलल्यावर वहन थांबते का आणि त्याच पेशीत ऑटोफॅगोसोमही अडतो का, हे दोन्ही तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

अल्फाफोल्ड या रचनेचे भाकीत करणाऱ्या संगणकप्रणालीचे प्रारूप म्हणजे प्रयोगाने मिळालेली रचना असे समजणे, ही दुसरी चूक होय. प्रारूपातील प्रत्येक तुकड्याचा विश्वासांक १०० पैकी ९० च्या वर असला, तरी ते तुकडे एकमेकांसापेक्ष कोठे बसतात याची खात्री त्या अंकातून मिळत नाही; त्यासाठी सापेक्ष स्थानातील अपेक्षित त्रुटीचा आलेख पाहावा लागतो. एवढ्या लांब प्रथिनाच्या वळणाविषयी बोलताना हा आलेख वगळणे मला अक्षम्य वाटते.

सर्वांत गंभीर चूक मात्र पटलाला दोन थर असतात हे विसरण्याची आहे. एटीजी२ मेदरेणू पोहोचवते ते पेशीद्रवाकडील थरात. तोच एक थर वाढत राहिला, तर दोन्ही थरांचे क्षेत्रफळ जुळणार नाही आणि वाढ खुंटेल. एटीजी९ हे तीन घटकांचे प्रथिन स्क्रॅम्ब्लेज असल्याचे, म्हणजे मेदरेणूंना एका थरातून दुसऱ्यात जाऊ देत असल्याचे, २०२० मध्ये दिसून आले. म्हणून परीक्षानळीत वहन होते पण पेशीत पटल वाढत नाही, अशी अडचण आल्यास एटीजी२ मध्ये दोष शोधण्यापूर्वी एटीजी९ तपासावे.

वहनाच्या चाचणीतही फसगत होते. चाचणीतील मेदपुटिका (मेदपटलाच्या सूक्ष्म पिशव्या) एकमेकींत विलीन झाल्या, तरी चिन्हांकित मेदरेणूंची प्रतिदीप्ती (चमक) वाढते. त्यामुळे डायथायोनाइट या रसायनाने बाहेरच्या थरातील प्रतिदीप्ती विझवून आतल्या थरातील वेगळी मोजावी.

शेवटी दिशेचा प्रश्न उरतो. स्क्रॅम्ब्लेजला एटीपी (पेशीतील ऊर्जा देणारा रेणू) लागत नाही आणि ते दोन्ही बाजूंनी वाट देते, त्यामुळे मेदरेणू नव्या पटलाकडेच का जातात हे त्याची रचना सांगू शकत नाही. त्याचे उत्तर मेदनिर्मितीत शोधावे: यीस्टमध्ये एफएए१ हे विकर वाढत्या पटलावर बसून मेदाम्ले लगतच्या अंतर्द्रव्यजालिकेतील मेदनिर्मितीकडे वळवते.