मतलईवर बाहेर, खाऱ्यावर घरी: साठीनंतर दोघांनी होडी हाकायची तर

आमच्या होडीचं नाव ‘तिसरी’. गोव्यात तिसरी म्हणजे शिंपली, खोबरं घालून सुकं करतात ती. पण नावाचं खरं कारण वेगळं. आम्हाला मुली दोन. दोघींच्या लग्नांत मिळून झाला नाही तेवढा खर्च या तिसरीवर झाला, असं आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी हिशेब तपासलाय. अतिशयोक्ती आहे, पण फार नाही.

मी फोंड्याच्या एका मराठी शाळेत गणित शिकवत होते, हे बँकेत. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, आम्ही शिरदोनला आलो. झुआरी नदीच्या उत्तर काठावर, नुस्तेकारांच्या, म्हणजे मासेमारांच्या, होड्यांच्या शेजारी आमची सोळा फुटी शिडाची होडी उभी असते. सहा हंगाम झाले. ओळखीतली निवृत्त जोडपी हल्ली विचारायला लागली आहेत, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी नियम, मग होडी

नियम एकच: दोघांपैकी कोणीही एकट्याने होडी घरी आणू शकेल, तेवढंच लांब जायचं आणि तेवढंच शीड लावायचं.

हा नियम आम्हाला कानशिलावर बसलेल्या बूमने शिकवला. बूम म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाशी असलेली आडवी दांडी. दुसऱ्या हंगामात बांबोळीसमोर वारा एकदम फिरला, हे चष्मा पुसत होते, आणि ती दांडी सप्पकन या बाजूची त्या बाजूला गेली. हे खाली बसले, डोळे मिटून. मी तोवर फक्त पुढच्या लहान शिडाचा, म्हणजे जिबचा, दोर धरणारी. सुकाणू हातात घेतलं तर होडी जागच्या जागी गरगर फिरली. टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलला की होडीचं नाक उजवीकडे जातं, हे फळ्यावर मी दहा मिनिटांत शिकवलं असतं. तिथे माझ्या हाताला पटायला पाऊण तास लागला.

तेव्हापासून दर अर्ध्या तासाने जागा बदलतो. सुकाणूवर कधी मी, कधी हे. ‘मला जमत नाही, तुम्हीच धरा’ हे वाक्य होडीत चालत नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. घरी मी यांना ‘अहो’ म्हणते. पाण्यावर ‘अहो, ऐकलंत का, जरा खाली वाकता का’ एवढं म्हणेपर्यंत बूम येऊन जातो. म्हणून होडीत चारच शब्द: वळ, ओढ, सोड, वाक. चौतीस वर्षांच्या संसारात यांना पहिल्यांदा ‘वाक!’ म्हणाले तेव्हा शेजारच्या होडीतला माणूस हसून हसून वल्हं विसरला. धक्क्याला लागल्यावर पुन्हा अहो-जाहो सुरू.

दोघांनी मिळून काय होतं याचा आमच्यासमोरचा दाखला म्हणजे ‘तारिणी’. नौदलाची ही १७ मीटरची शीडनौका इथेच दिवाडीला बांधली. ऑक्टोबर २०२४ मध्ये गोव्याहून निघून मे २०२५ मध्ये परतताना तिच्यावर दोघीच अधिकारी होत्या, दिलना के. आणि रूपा ए.; जगाला वळसा घालून आल्या. आम्ही दोना पावलाला वळसा घालत नाही. तरी घरातल्या वादात त्यांचं नाव मी सोयीने वापरते.

घेताना काय बघायचं

शर्यतीच्या हलक्या डिंगीच्या, म्हणजे छोट्या उघड्या होडीच्या, मोहात पडू नका. एंटरप्राइज जातीची होडी आम्ही चालवून पाहिली: चार मीटर लांब, दोघांची, सुंदर पळते, पण प्रत्येक वळणाला या कडेवरून त्या कडेवर उडी मारायची. गुडघ्यांनी तिथेच राजीनामा दिला. आपल्याला रुंद, जड बुडाची, सेंटरबोर्ड वर उचलता येणारी होडी हवी. सेंटरबोर्ड म्हणजे पोटातून खाली सोडायची फळी. ती नसेल तर होडी आडव्या वाऱ्यावर खेकड्यासारखी तिरकी जाते.

जुनी घेत असाल तर दोन गोष्टी स्वतः करा. पाच रुपयांच्या नाण्याने फायबरवर टकटक करत पूर्ण फिरा. कुठे आवाज बद्द आला तर आत पाणी मुरलंय. आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा, विशेषतः खालच्या जोडापाशी. एखादी बारीक तार तुटलेली असेल तर कापूस तिथे अडकतो. बोट फिरवू नका, मी फिरवलं होतं.

शिकायला दोना पावलाच्या बाजूला क्लब आहेत. निदान एक हंगाम दुसऱ्याच्या होडीवर शिकून मग पैसे काढा. आणि कागदपत्रांचं पणजीत कॅप्टन ऑफ पोर्ट्स या सरकारी बंदर खात्यात आधीच विचारून घ्या.

दिवस कसा निवडायचा

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी गंमत यातच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीकडून वारा वाहतो, तो मतलई. पूर्वेचा, थंड, हलका. दहा-साडेदहाला तो पडतो. मग तासभर पाणी आरशासारखं. आणि साडेअकरा-बाराच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. शिरदोनहून दोना पावला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे. म्हणजे सकाळी मतलई पाठीशी घेऊन बाहेर जायचं, वारा पडला की डबा उघडायचा, आणि खारा आला की तोही पाठीशी घेऊन घरी. जाताना उतार, येतानाही उतार. असा सायकलचा रस्ता गोव्यात कुठे नाही.

खारा येताना दिसतो. दोना पावलाच्या बाजूला पाण्यावर एक गडद निळी रेघ उमटते आणि जाड होत जवळ येते. ती दिसल्यावर हातातला लाडू खाली ठेवायला साधारण पाच मिनिटं मिळतात.

आता पाणी. गोव्यात दिवसाला दोन भरत्या, दोन ओहोट्या, पण दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. उधाणाला, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास, पाण्याचा चढउतार सव्वादोन मीटरच्या आसपास, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमारास, जेमतेम मीटरभर. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठ गुणिले पाऊण, सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. हा अंदाज, तासभर इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची. पण कॅलेंडरकडे बघून दिवस ठरवायला तो पुरतो. आमचा किनारा उथळ, ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यामुळे साडेबाराला परतायचं तर त्रयोदशी ते द्वितीया हे आमचे दिवस.

हे माहीत असूनही एकदा एकादशीला गेलो. भरती सव्वाआठला, आम्ही परतलो सव्वाबाराला. दोर गुंडाळता गुंडाळता होडी थांबली, आवाज न करता, गादीवर बसावं तशी. आता बाराव्या हिश्श्याचा हिशेब ऐका: ओहोटीच्या सहा तासांत पाणी पहिल्या तासाला एकूण उताराच्या एक बारांश उतरतं, मग दोन, मग तीन, पुन्हा तीन, दोन आणि एक. त्या दिवशी उतार दीड मीटरचा धरा. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून पाऊण मीटर पाणी गेलं. आम्ही बरोबर चौथा तास संपताना आलो होतो. दोन तास पाणी अजून खाली जाणार आणि तेवढेच दोन तास परत चढायला. हे उतरून ढकलायला निघाले, मांडीपर्यंत चिखलात गेले, एक चप्पल आजही तिथेच आहे. काठावरून एक नुस्तेकार ओरडला, “सर, आतां बसात! उदक येवपाक चार वरां!” बरोबर चार तास लागले. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात. आमच्याकडे दोघांत एक डबा साबुदाण्याची खिचडी होती.

अडकलात तर उतरू नका, एवढंच. सेंटरबोर्ड वर घ्या, नांगर टाका, टोपी घाला, बसा.

वारा वाढला तर

मार्च ते मे खारा लवकर येतो आणि दुपारी जोर धरतो. त्या महिन्यांत आम्ही अकराला काठावर. लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागला की साधारण १० ते १२ नॉट (ताशी १८ ते २२ किलोमीटर) वारा झालाय असं समजा आणि शीड आखडा, म्हणजे रीफ करा. ‘आखडूया का?’ असा प्रश्न दोघांपैकी एकाच्या मनात आला की आखडायचं, चर्चा नाही.

होडी उलटायची तालीम दर ऑक्टोबरला कमरेएवढ्या पाण्यात करतो. साठीनंतर सेंटरबोर्डवर चढून होडी सरळ करता येते. पाण्यातून आत चढणं हे खरं अवघड, हात पुरत नाहीत. म्हणून मागच्या कडेला दोराची दोन पायऱ्यांची शिडी कायमची बांधली आहे. डोलकाठीच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन. होडी आडवी झाली तरी पूर्ण पालथी होत नाही. दिसायला वाईट दिसतो, मुली फोटोत तो कापून टाकतात. लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, आणि काही झालं तरी होडी सोडून पोहत निघायचं नाही. फोन पाणी न जाणाऱ्या पिशवीत, त्यात तटरक्षक दलाचा १५५४ साठवलेला. त्याच पिशवीत बीपीच्या गोळ्या. चष्म्याला दोरी.

कुठे जायचं नाही

मुरगाव बंदराच्या वाटेत. शिडाच्या होडीला यंत्रवाल्याने वाट द्यायची हे खरं, पण अरुंद जलमार्गात मोठ्या जहाजाला अडथळा करायचा नाही, असाही सागरी नियम आहे, आणि बार्जचा तांडेल तुमच्यासाठी वळू शकतही नाही. नौदलाच्या हद्दीपासून लांब. पाण्यावर थर्मोकोलचे तुकडे किंवा बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या तर खाली जाळं आहे, वळसा घाला. कोणाचं तरी रात्रीचं जागरण आहे ते. काठावरून रापण, म्हणजे लांबलचक जाळं, ओढत असतील तर वाट पाहा. आम्ही थांबलो की बांगडेही मिळतात.

कुंभारजुव्याच्या कालव्यात एकदा जाऊन आलो, खारफुटी फार देखणी. पण तिथे मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या. आमच्या फोंडा तालुक्यात पौष अमावास्येला चिखलाची मगर करून ‘मानगे थापणी’ करतात, ते उगाच नव्हे. उलटायची तालीम तिथे नको.

पावसाळ्यात

मेच्या शेवटी होडी वर. मांडवीच्या तोंडाशी आग्वादचा वाळूचा बांध धरतो, समुद्र खवळतो. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीही बंद असते. शिडं गोड्या पाण्यात दोनदा धुवायची, सावलीत वाळवायची. होडी जुन्या टायरांवर पालथी, बुडाची बुचं काढलेली, वर विणलेल्या झावळ्यांचे झाप. ताडपत्री नको, आत घाम धरते आणि बुरशी येते. नारळी पौर्णिमेला पाण्यात नारळ सोडतो, खंडेनवमीला होडीला झेंडूची माळ, आणि दसऱ्यानंतर पहिली खेप.

शिडं मात्र माळ्यावर घडी करून ठेवू नका, वाशाला टांगा. गेल्या वर्षी जिब उघडली तर आत उंदरीण आणि तिची सात पिल्लं, नखाएवढी, गुलाबी. हे म्हणाले, राहू दे. तिसरीची पहिली खेप त्या वर्षी दिवाळीनंतर झाली.