नाथसागरावर पहाटे जाताना काय घ्यायचं, आणि प्लेट

आधी प्लेट. ट्रायपॉडच्या डोक्यात बसते ती काडेपेटीएवढी चौकोनी प्लेट, स्क्रूनं कॅमेऱ्याच्या बुडाला आवळायची. ती कुठंय ते उठून बघा, मग पुढचं वाचा. मी थांबतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण बीडहून पहाटे चारला निघालो, पैठण ओलांडून नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावर सव्वासहाला पोचलो. धुकं असं पडलं होतं की पाणी कुठं संपतं ते कळेना. मी खांद्यावरून ट्रायपॉड उतरवला, पाय उघडले, त्याच्यावरचा पातळीचा बुडबुडा बघितला, कॅमेरा वर ठेवायला गेलो तर बसेना. प्लेट घरी. भाचीच्या हळदीला व्हिडिओ काढायला म्हणून दुसऱ्या कॅमेऱ्याला लावली होती, ती तिथंच राहिली. बाकीच्या चौघांपैकी तिघांच्या प्लेटी वेगळ्या मापाच्या, चौथ्याची त्याला स्वतःलाच हवी होती. दस्तीनं कॅमेरा ट्रायपॉडला बांधून बघितला, तो घसरला. हातानं धरला म्हणून वाचला. गाळपेऱ्यातला, म्हणजे पाणी हटल्यावर गाळात पेरलेला हरभरा बघायला आलेला एक शेतकरी बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, “सर, तीन पायाचं आणलंय ना, मग हातात कामून धरलंय?”

त्या उजेडात एफ अकरा (लेन्सचं छिद्र बारीक) आणि आयएसओ (उजेड टिपायची तीव्रता) शंभर ठेवलं तर शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहतं. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही, थंडीत तर नाहीच. आयएसओ ३२०० केला तर धुक्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. दोन्ही करून बघितलं. साठ फोटो, साठही वाया.

म्हणून नियम असा की प्लेट कॅमेऱ्यावरून काढायचीच नाही. लग्न असो, हळद असो, कुणी मागो. दुसरा कॅमेरा असेल तर दुसरी प्लेट विकत घ्या, ट्रायपॉडच्या मापाचीच. स्क्रूला खाच असते, तिच्यात रुपयाचं नाणं बसतं; ते बॅगेच्या छोट्या कप्प्यात टाकून ठेवा, कारण गाडीच्या हादऱ्यानं स्क्रू सैल होतो. रात्री झोपताना कॅमेरा उलटा करून बुडावर बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर झोपू नका.

दिवस निवडताना पेपरात परभणीच्या कृषी विद्यापीठातलं किमान तापमान बघत जा. सलग दोन-तीन दिवस पारा उतरतोय, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला, अशी पहाट धरायची. रात्री ढग आले तर जमिनीची ऊब वर निसटत नाही आणि धुकं धरत नाही, मग उगाच जागरण. पाणी हवेपेक्षा उबदार असतं म्हणून त्यावरून वाफ उठते. ऊन चढलं, वारा सुटला की अर्ध्या तासात सगळं साफ. एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. दिवस सगळ्यात लहान २१-२२ डिसेंबरला, पण सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला. आपल्याकडं तेव्हा सात वाजून पाच-दहा मिनिटं होतात. तरी सहाला काठावर हजर राहा. रंग सूर्याच्या आधी येतात.

बॅटऱ्या दोन. कार्ड कॅमेऱ्यात आहे का बघा, लॅपटॉपला लागलेलं नसावं. कानटोपी, टॉर्च, पाणी हे सांगायला नको.

पायात बूट हवेत, चप्पल अजिबात नको. पाणी हटतं तशी काठाची जमीन उघडी पडते, वरून तडकलेली, कोरडी दिसते आणि पाय दिला की घोट्यापर्यंत गाळ. ट्रायपॉडचंही तसंच होतं. सेकंदाच्या शटरमध्ये तो केसभर खचला तरी फोटो गेला. बरण्यांची तीन रुंद झाकणं घेऊन जा, पायाखाली ठेवायला. आमच्यातला मेडिकलवाला हे करतो, सुरुवातीला आम्ही हसलो होतो. आणि पेरलेल्या गाळात उतरू नका. ते कुणाचं तरी पीक आहे. बांधावरून जा, माणूस दिसला तर विचारून जा.

नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा ड्रोन घरी ठेवा. धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढून पहारेकऱ्याशी हुज्जत घालायची हौस असेल तर तुमचं तुम्ही बघा. रोहित पक्षी हिवाळ्यात येतात, त्यांच्या मागं धावायचं नाही. ते उडावेत म्हणून टाळ्या वाजवणारे मी बघितलेत, त्यांना आमच्या गाडीत जागा नाही. लांबून पाण्याच्या कडेला गुलाबी रेघ दिसते, लँडस्केपला तेवढी पुरते.

कॅमेऱ्यात रॉ, म्हणजे न दाबलेली कच्ची फाइल, चालू करा. व्हाइट बॅलन्स (रंगाची झाक ठरवणारं सेटिंग) ऑटोवर ठेवलात तर पहाटेचा निळा आणि नंतरचा केशरी दोन्ही धुवून निघतात, डेलाइटवर टाका. धुक्यात कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो. समोरचं पांढरं त्याला करड्या रंगाचं करायचं असतं, म्हणून फोटो मळकट येतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर न्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), हिस्टोग्राम, म्हणजे स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. ऑटोफोकस धुक्यात पुढंमागं घरघरत राहतो. एखाद्या बाभळीच्या बुंध्यावर फोकस धरा आणि मॅन्युअलवर टाका. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारं बटण) बंद, आणि दोन सेकंदांचा टायमर, कारण बटण दाबतानाच धक्का बसतो. हे सगळं ट्रायपॉडवर कॅमेरा बसला तरच. तो प्लेटनं बसतो.

परतीला टपरीवर चहा घ्याल, घ्याच, पण आत जायच्या आधी कॅमेरा बॅगेत घालून चेन लावा. गार पडलेली काच चहाच्या वाफेत गेली की क्षणात आंधळी होते, आणि मग लोक ती शर्टाच्या टोकानं पुसतात. माझ्या एका लेन्सवर तो ओरखडा अजून आहे.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या सणाला, लातूरकडं जाणार असाल तर यातलं निम्मं लागत नाही. दिवसा कडब्याची कोप (खोपटी), भज्जी, आंबिल, आणि माणसंच इतकी की लँडस्केप राहतं बाजूला. पण अमावस्या असल्यानं रात्री चंद्र नसतो, कोपीच्या वर मृग नक्षत्र घेता येतं. वीस सेकंदांचं शटर. म्हणजे ट्रायपॉड. म्हणजे काय, ते सांगत नाही आता.

घरी आल्यावर. कार्ड लगेच दोन ठिकाणी उतरवा. निवड त्याच दिवशी करू नका, थकव्यात सगळेच बरे वाटतात. क्षितिज सरळ करा. सॅच्युरेशनला हात लावायचा तर जेवून लावा.

ग्रुपला दाखवायचं म्हणाल तर आमच्यात दर रविवारी रात्री प्रत्येकाचा एकच फोटो. चाळीस टाकले की कुणी एकही बघत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तर धुक्याचे पट्टे पडतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंग एसआरजीबीमध्ये, म्हणजे फोनवर नेहमी चालतात त्या मापात. कुठली वेळ, काय करायला गेलात, कुठं अडलात, दोन ओळी लिहा, म्हणजे समोरच्याला बोलता येतं. आधी दुसऱ्याच्या फोटोवर नीट बोला. आमच्याकडं वाईट असं कुणी म्हणत नाही. “मूड छान आलाय” म्हणाले की समजायचं, फोटो हललाय. मला त्या रविवारी चारही जणांनी मूड छान आलाय म्हटलं.

लोकेशन काढून टाका, पक्षी असतील तर नक्कीच. आणि ज्याच्या बांधावरून गेलात त्याचा नंबर घेतलेला असतो, त्यालाही एक पाठवा. हरभरेवाल्यानं दोनदा फोन करून विचारलं. त्याला पाठवण्यासारखा माझ्याकडं एकही नव्हता.