पाणी नितळ झालं म्हणजे डाय तुटला असं नाही! नॅनोफायबर फोटोकॅटॅलिस्ट वापरताना या चुका टाळा

प्रकाशात डाय (रंगद्रव्य) तोडणारा कॅटॅलिस्ट भरलेली बारीक तंतूंची चटई, म्हणजे नॅनोफायबरची मॅट, मिथिलीन ब्लू या निळ्या डायच्या पाण्यात टाकली आणि पाणी तासाभरात नितळ झालं की भारी वाटतं, पण चिमट्याने ती मॅट बाहेर काढून बघा, मॅटच निळीशार झाली असेल तर डाय तुटलेला नाही, नुसता फायबरवर जाऊन बसलाय. माझं पहिल्यांदा अगदी हेच झालेलं आणि मी तो ग्राफ रिझल्ट म्हणून दाखवायला निघालो होतो. म्हणून लाइट लावायच्या आधी अंधारात ढवळत ठेवा, म्हणजे फायबरवर बसायचा तेवढा डाय आधीच बसून जाईल. सगळे 30 मिनिटं लिहितात पण ती काही काळ्या दगडावरची रेघ नाही, मॅट जाड असेल तर जास्त वेळ लागतो, पाण्यातल्या डायची लागोपाठ दोन-तीन रीडिंग सारखी आली की मगच लाइट ऑन करा आणि तिथूनच मोजा.

कॅटॅलिस्ट न टाकता नुसता डाय लाइटखाली ठेवून बघायचा कंटाळा करू नका, काही डाय आपोआपच फिके पडतात. अ‍ॅनाटेज टायटॅनियाचा (टायटॅनियम डायऑक्साइडचा एक स्फटिक प्रकार, हाच इथला कॅटॅलिस्ट) बँड गॅप, म्हणजे त्यातला इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, 3.2 इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण 387 नॅनोमीटरच्या खालचाच (अतिनील) प्रकाश त्याला चालतो. पांढऱ्या एलईडीखाली काम झालं तर आधी संशय घ्या, कारण डाय स्वतःच प्रकाश शोषून टायटॅनियाला इलेक्ट्रॉन देत असू शकतो. फिनॉलसारखं बिनरंगी काहीतरी घेऊन तीच टेस्ट करा, लगेच कळतं.

टायटॅनिया भरपूर घातलाय तरी काम होत नाही? बहुतेक कण पॉलिमरच्या आत गाडले गेलेत, डाय तिथपर्यंत पोचतच नाही. त्यातून कणांचे गोळे झाले असतील तर अजूनच वाईट, स्पिनिंगच्या (पॉलिमरच्या सोल्युशनचे फायबर ओढायच्या) आधी सोनिकेशन (ध्वनिलहरींनी कण सुटे करणं) नीट करा. फायबरवर मणी दिसले तर सोल्युशन बहुतेक पातळ आहे. पॉलिमर पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) असेल तर क्रॉसलिंक केल्याशिवाय (साखळ्या एकमेकींना जोडल्याशिवाय) पाण्यात टाकूच नका, विरघळतं. आणि पॉलिमर जाळून नुसता सिरॅमिक फायबर हवा म्हणून भट्टीत घालणार असाल तर तापमान मिनिटाला 1-2 डिग्रीनेच चढवा, घाई केली की मॅटचा चुरा हातात येतो.

सगळ्यात फसवं प्रकरण ऱ्होडामिन बी या डायचं. त्याचा पीक (जिथे तो सगळ्यात जास्त प्रकाश शोषतो) 554 नॅनोमीटरला असतो, इथाइल ग्रुप गळत गेले की तो 498 कडे सरकतो, आणि तुम्ही फक्त 554 लाच बघत बसलात तर वाटतं डाय संपला. रेणूचा सांगाडा मात्र शाबूत! दरवेळी सगळ्या तरंगलांबींचा पूर्ण स्कॅन घ्या, आणि शक्य असेल तर टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बनची तपासणी) कराच, पाण्यात कार्बन किती उरलाय ते त्यातच दिसतं.