तिशीतल्या जपानी माणसासाठी वसंताची प्लेलिस्ट कशी करायची

जपानी मित्रमैत्रिणींसाठी वसंतातल्या गाण्यांची प्लेलिस्ट करायची असेल तर सर्चमध्ये नुसतं 'साकुरा', म्हणजे चेरीचा बहर, टाकून जे येईल ते भरू नका. मी पहिल्या वेळी तेच केलं होतं, हानामीला, म्हणजे ही फुलं बघायच्या सहलीला, घेऊन गेलो, गाणी सगळी छान होती पण वाजत राहिली आणि लोक आपले खात-बोलत राहिले. पुढच्या वर्षी मी एकच गोष्ट वेगळी केली, प्रत्येकाला विचारलं की तुझी शाळा कुठल्या वर्षी संपली, आणि त्या उत्तरांवरून गाणी निवडली. तिसऱ्या गाण्याला एक मैत्रीण बोलता बोलता थांबली आणि हळूच सोबत गायला लागली.

कारण जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि मार्चमध्ये संपतं, नोकरीची सुरुवातही बहुतेक एप्रिललाच. म्हणजे मार्चमध्ये निरोप आणि एप्रिलमध्ये अनोळखी चेहरे, हे दरवर्षी ठरलेलं. गाण्यातला वसंत म्हणजे फुलं कमी आणि हा निरोपच जास्त असतो.

तर आधी हिशोब. समोरच्याचा जन्म एप्रिल ते डिसेंबरमधला असेल तर जन्मसालात 19 मिळवा, जानेवारी ते मार्चमधला असेल तर 18, म्हणजे हायस्कूल संपल्याचं साल मिळेल. त्यातून तीन वजा केले की मिडल स्कूल संपल्याचं साल. उदाहरणार्थ जून 1990 चा जन्म असेल तर मिडल स्कूल मार्च 2006 ला संपलं आणि हायस्कूल मार्च 2009 ला. ही दोन सालं कागदावर लिहून ठेवा, प्लेलिस्टचा गाभा यांच्या आगेमागेच सापडतो. आत्ता तिशीत असलेल्यांसाठी ढोबळमानाने 2000 ते 2012 हा पट्टा धरला तरी चालेल.

आता गाणी. 2003 च्या मार्चमध्ये मोरियामा नाओतारोचं 'साकुरा' आलं, एक आवाज आणि पियानो, बस. सुरुवातीला त्याचा काही गाजावाजा नव्हता पण ते चार्टवर हळूहळू वर चढत पहिल्या नंबरला पोचलं. मग 2005 च्या फेब्रुवारीत केत्सुमेइशीचं 'साकुरा', यात रॅप आहे, आणि विषय शाळा नसून सुटून गेलेलं प्रेम. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोबुकुरोचं, तेही 'साकुरा'च, पण हे दोघं ओसाकाकडे रस्त्यावर गात होते तेव्हाचं, दोघांनी मिळून केलेलं पहिलं गाणं आहे ते. आणि मार्च 2006 मध्ये इकिमोनोगाकारीचं 'साकुरा', मोठ्या रेकॉर्ड कंपनीकडून आलेलं त्यांचं पहिलं सिंगल. एकाच नावाची चार गाणी झाली, लागोपाठ लावलीत तर ऐकणारा दमेल, दोनच घ्या आणि लांब लांब ठेवा. मला निवडायला सांगाल तर मी मोरियामा आणि इकिमोनोगाकारी घेईन. इकिमोनोगाकारी कानागावातल्या आत्सुगी-एबिना भागातले आणि त्यांच्या गाण्यात ओदाक्यू लाइनच्या गाडीचा उल्लेख आहे, त्या लाइनवरून रोज शाळेत गेलेल्या माणसाला ते ऐकवून बघा. वर जे जून 1990 चं उदाहरण दिलं ना, तो माणूस बरोब्बर त्याच महिन्यात मिडल स्कूलमधून बाहेर पडत होता.

एक गाणं मात्र कुठलंही साल असो, घ्याच. रेमिओरोमेनचं 'सान्गात्सु कोकोनोका', म्हणजे 9 मार्च, आणि ते रिलीजही 2004 च्या 9 मार्चलाच झालं. तीन म्हणजे 'सान', नऊ म्हणजे 'क्यू', जोडून म्हटलं की थँक्यूचा जपानी उच्चार होतो. मुळात हे त्यांनी एका मित्राच्या लग्नासाठी केलेलं गाणं. पुढे 2005 मध्ये 'एक लिटर अश्रू' नावाच्या टीव्ही मालिकेत शाळेतली मुलं ते कोरसमध्ये गातात असा प्रसंग आला आणि तिथून ते निरोप समारंभाचं गाणं होऊन बसलं. म्हणून हे गाणं लावलं की कोणाला वर्ग आठवतो, कोणाला मित्राचं लग्न, आणि तिशीत तर दोन्ही आठवतं.

क्रम कसा लावायचा यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा. हवामानाप्रमाणे लावायचा, म्हणजे थंडी, मग निरोप, मग बहर, मग नवी सुरुवात. थंडीसाठी मात्सुतोया युमीचं 'हारू यो, कोइ', 1994 च्या शेवटी एनएचके या सरकारी वाहिनीच्या सकाळच्या मालिकेसाठी आलेलं, नावाचा अर्थच 'वसंता, ये'. यात साकुरा नाही तर जिनचोगे आहे, ते झुडूप साकुराच्या आधी फुलतं आणि वास असा की वळणावर फूल दिसायच्या आधी कळतं. तिशीतल्यांच्या लहानपणी घरात टीव्हीवर वाजलेलं गाणं, त्यामुळे सुरुवातीलाच माणूस मऊ होतो. त्यानंतर 9 मार्च, मग मोरियामा.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, हायस्कूलचा समारंभ साधारण मार्चच्या सुरुवातीला असतो आणि टोकियोत साकुरा फुलतो मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या साप्पोरोत तर एप्रिल संपता संपता. म्हणजे निरोपाच्या दिवशी झाड बरेचदा कोरडंच असतं, तो बहर आठवणीत गाण्यांनी आणून ठेवलाय. म्हणून ऐकणारा होक्काइदोचा असेल तर फुलांची गाणी थोडी कमी आणि निरोपाची जास्त घ्या.

बहरासाठी उतादा हिकारूचं 'साकुरा ड्रॉप्स', 2002 च्या मेमधलं. चाळिशीकडे झुकलेलं कोणी असेल तर आइकोचं 2000 मधलं 'साकुरा नो तोकी' किंवा त्याच वर्षीचं फुकुयामा मासाहारूचं 'साकुराझाका', हे वीस लाखांच्या वर विकलं गेलं आणि त्या नावाचा उतार टोकियोच्या ओता वॉर्डात खरोखर आहे. मग मूड वर आणायला एप्रिलची गाणी, म्हणजे स्पिट्झचं 1996 मधलं 'चेरी' आणि युइचं मार्च 2007 मधलं 'चेरी'. नाव तेच पण गाणी पार वेगळी. युइच्या गाण्यात मुलगी मोबाइलवर मेसेजच्या उत्तराची वाट बघते, तेव्हा सगळ्यांकडे घडी घालायचे फोन होते आणि गाण्याचा तुकडा रिंगटोन म्हणून डाउनलोड करायचे, हे वाजलं की लोक आपापल्या जुन्या फोनचा रंग सांगायला लागतात. ओत्सुका आईचं 'साकुरान्बो' मात्र घेऊ नका, नावात साकुरा दिसतो पण साकुरान्बो म्हणजे चेरीचं फळ, आणि ते डिसेंबर 2003 मधलं धमाल गाणं इथे येऊन सगळा सूर मोडतं.

2009 च्या आसपास शाळा संपलेल्यांसाठी एकेबी48 या मुलींच्या ग्रुपचं 'जूनेन साकुरा' घाला, मार्च 2009 मधलं. दहा वर्षांनी पुन्हा भेटूया असा त्याचा आशय, आणि ती दहा वर्षं आता उलटून गेलीत. आयडॉल ग्रुपचं गाणं म्हणून कोणी नाक मुरडेल, तरी घाला.

शेवटची जागा अँजेला आकीच्या 'तेगामी'ला, नावाचा अर्थ 'पत्र'. पंधरा वर्षांच्या मुलाने मोठेपणीच्या स्वतःला पत्र लिहिलंय आणि मोठा झालेला तो उत्तर देतोय, असं गाणं आहे. गायिकेने टीनएजमध्ये स्वतःला लिहिलेलं पत्र आईने तिच्या तिसाव्या वाढदिवसाला पाठवलं, त्यातून हे सुचलं. 2008 च्या एनएचके शालेय गायन स्पर्धेत मिडल स्कूल गटाला हेच गाणं दिलं होतं, म्हणजे देशभरातल्या मिडल स्कूलच्या मुलांनी ते महिनोन्महिने घोकलं. ती मुलं आता तिशीत आहेत, गाण्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या जागी नाही तर उत्तर देणाऱ्या मोठ्या माणसाच्या जागी. वाजवायच्या आधी काही सांगू नका, नुसतं लावा.

एकूण दहा-बारा गाणी, पाऊण तास ते एक तास पुरे. बागेत नेणार असाल तर स्पीकर चालतो का ते आधी बघा, बऱ्याच ठिकाणी मनाई असते, मग आवाज अगदी बारीक किंवा सरळ संध्याकाळी कराओके रूम. मला स्वतःला कराओकेच आवडतं, कारण ही गाणी त्यांनी मुळात एकत्र गायलेली आहेत. फक्त 'तेगामी'नंतर लगेच दुसरं गाणं रांगेत लावून ठेवू नका.